गाणाऱ्या पक्ष्यांची जोडी नीडलपॉइंटवर: बघण्यापासून भिंतीपर्यंत

गोव्यातल्या जुन्या घरांमध्ये, मग तो फोंड्याकडचा वाडा असो की सासष्टीतलं बाल्कांव, म्हणजे पुढे बसायचा ओटा, असलेलं घर, काचेमागे टांगलेलं पक्ष्यांचं भरतकाम अजून बघायला मिळतं. बहुतेक वेळा त्यात जोडी असते. दोन कबुतरं, नाहीतर दोन पोपट, नाहीतर नाव सांगता येणार नाही अशी दोन निळी पाखरं. चोचीला चोच लावलेली, आणि रंगारूपाने अगदी सारखी. हे काम मला मनापासून आवडतं. पण पक्षी बघण्याचीही आवड असेल तर त्या जोडीत एक उणीव जाणवत राहते. गाणाऱ्या पक्ष्यांचं प्रणयाराधन सहसा असं नसतं. अनेक जातींत नर आणि मादी वेगवेगळे दिसतात, आणि ते समोरासमोर शांत बसत नाहीत. नर गातो, पिसं फुलवतो, शेपटी पसरतो. मादी बघते, पारखते, आणि पुष्कळदा उडून जाते. हे सगळं नीडलपॉइंटमध्ये, म्हणजे ताठ जाळीच्या कापडावर भोकं मोजून टाके घालत केलेल्या भरतकामात, आणता येतं. त्यासाठी काय बघायचं, कागदावर कसं उतरवायचं आणि कुठला टाका कुठे घालायचा, ते इथे सांगते आहे.

जुन्या नमुन्यांमधली जोडी एकसारखी का असते, हे आधी समजून घेतलं तर आपल्याला काय बदलायचं आहे ते कळेल. युरोपात 19व्या शतकात ज्याला बर्लिन वर्क म्हणत, ते लोकरीचं भरतकाम छापील नमुन्यांवर उभं होतं. बर्लिनच्या प्रकाशकांनी 1804 च्या सुमारास चौकटीच्या कागदावर नमुने छापायला सुरुवात केली. प्रत्येक चौकट हाताने रंगवलेली असे आणि एक चौकट म्हणजे एक टाका. 1856 मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कृत्रिम जांभळा रंग सापडला, त्यानंतर रासायनिक रंगांच्या झगमगीत लोकरी आल्या आणि पोपट, मकाव, काकाकुवा या कामात लाडके झाले. नमुना काढणाऱ्याने अर्धी जोडी काढली आणि आरशासारखी उलटवली की काम भागत असे.

पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या मिन्यो भागात तर पक्ष्यांची जोडी हाच प्रेमाचा निरोप होता. तिथल्या मुली ‘लेन्सूश दुश नामोरादुश’ म्हणजे प्रियकराचे रुमाल भरत. त्यांत पाखरं, बदाम, फुलं आणि बोलीतल्याच लेखनाच्या चार ओळी. मुलाने तो रुमाल चारचौघांत वापरला की त्याचा होकार समजायचा. तिथे दोन पाखरं सारखी असली तरी बिघडत नव्हतं, कारण ती पाखरं म्हणजे ती दोघंच होती. आपण मात्र खराखुरा पक्षी भरायला निघालो आहोत.

पक्षी कुठला घ्यायचा

पहिल्या कामासाठी मी दयाळच सुचवेन. गोव्यात तो परसात, कुळागरात म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, देवळाच्या आवारात सगळीकडे असतो आणि माणसाला फारसा बिचकत नाही. साधारण मार्चपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत पहाटे नर उंच जागी बसून गातो: माडाचा शेंडा, विजेची तार, कौलांचा कोपरा. मादी जवळ आली की तो पिसं फुलवतो, चोच वर उचलतो, शेपटी पंख्यासारखी पसरतो आणि तिच्यासमोर ऐटीत मिरवतो. शेपटी पसरली की तिच्या कडेची पांढरी पिसं एकदम उघडी पडतात. नर वरून चकचकीत निळसर काळा, पोट पांढरं, पंखावर लांब पांढरा पट्टा. मादीत जिथे जिथे नराचा काळा आहे तिथे राखाडी. म्हणजे नमुना सोपा, रंग मोजके, आणि दोघांतला फरक लांबूनही दिसणारा. हा पक्षी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीतल्या भोकातही घरटं करतो, त्यामुळे त्याला चिऱ्याच्या गडग्यावर किंवा शिंपल्यांच्या जनेलाशेजारी (शिंपल्यांची तावदानं असलेल्या खिडकीशेजारी) बसवलं तर ते खोटं वाटणार नाही.

थोडा हात बसला की सुभग घ्यावा. चिमणीएवढा पिवळा पक्षी, पंखावर दोन पांढरे पट्टे. विणीच्या काळात नर डोक्यावर आणि पाठीवर काळा होतो, मादी हिरवटच राहते. पावसाळ्यात त्याचं प्रणयाराधन बघायला मिळालं तर सोडू नका. नर फांदीवरून मीटर-दोन मीटर सरळ वर उसळी घेतो, कमरेवरची पांढरी मऊ पिसं इतकी फुलवतो की सगळा पक्षी गोल दिसतो, आणि बारीक शीळ घालत गिरक्या घेत खाली येतो. हा क्षण भरतकामासाठी फार चांगला आहे, कारण त्या फुललेल्या पिसांसाठी एक खास टाका आहे. त्याबद्दल पुढे.

तिसरी निवड सुगरणीची. भातशेतीच्या कडेला माडावर, शिंदीवर किंवा पाण्यावर झुकलेल्या काटेरी झाडावर पावसाळ्यात तिची वसाहत लागते. विणकाम करणारा नर असतो. विणीत त्याचा माथा हळदीसारखा पिवळा होतो. तो घरटं पूर्ण करत नाही. आधी शिरस्त्राणासारखा अर्धा गोळा विणतो, त्यालाच सुमारे 8 दिवस लागतात. मग खाली लटकून पंख फडफडवत ओरडतो. माद्या येऊन आत शिरून बघतात. एखादीला पसंत पडलं तरच तो पुढची बोगद्यासारखी नळी विणतो, एकूण घरट्याला सुमारे 18 दिवस जातात. आतलं अस्तर मादी लावते. नापसंत झालेली अर्धी घरटी झाडावर तशीच लोंबत राहतात. नीडलपॉइंटमध्ये पूर्ण घरट्यापेक्षा हा अर्धा टप्पा भरावा असं माझं मत आहे, कारण सगळी निवड त्याच टप्प्यावर होते.

जांभळा शिंजीर फक्त नेटक्या हाताच्या लोकांनी घ्यावा. प्रणयात नर डोकं वर करून पंख थरथरवतो आणि एरवी पंखाखाली झाकलेले पिवळे-केशरी झुपके दाखवतो. झुपके इवलेसे असतात, त्यांना बारीक जाळी लागते. शिंपी पक्ष्याबद्दल भरतकाम करणाऱ्यांना वेगळी माया असतेच, कारण त्याची मादी कोळ्याच्या जाळ्याने आणि वनस्पतींच्या तंतूंनी पान शिवते. विणीच्या काळात नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब वाढतात, तीच त्याला मादीपासून ओळखण्याची खूण. सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चंडोल आकाशात चढत गातो ते ऐकायला सुंदर, पण जाळीवर तो ठिपकाच होईल.

आणि ज्यांना जुन्या घरातल्यासारखी आरशातलीच जोडी हवी आहे त्यांनी गोव्याचा राज्यपक्षी घ्यावा. काळं डोकं, फिकट डोळा, माणकासारखा लाल गळा आणि पिवळं अंग असलेला हा बुलबुल फक्त पश्चिम घाटाच्या पट्ट्यात सापडतो. बोंडला किंवा मोलेच्या रानात तो भेटू शकतो. त्याचे नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे जुनी पद्धत इथे अगदी बरोबर बसते.

बघायचं कसं

दुर्बीण 8×42 ची असली तर उत्तम, पण दयाळासाठी नसली तरी चालतं. सूर्योदयाच्या आधी अर्धा तास जागेवर बसा. फोटो काढण्यापेक्षा हातात पेन्सिल ठेवा, कारण फोटोत पिसं दिसतात आणि रेघेत ढब. मला प्रत्येक वेळी चार गोष्टी टिपून घ्यायच्या असतात: चोच कुठल्या दिशेला आणि किती वर, शेपटी पाठीच्या रेषेशी कुठला कोन करते, पंख मिटलेले की खाली सोडलेले, आणि मादी किती अंतरावर, नराच्या वर की खाली. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वगळली जाते आणि चित्राचा जीव तिथेच असतो. दयाळाची मादी नराला चिकटून बसलेली क्वचितच दिसते. दोघांमध्ये मोकळी जागा हवी, आणि ती जागा तुमच्या नमुन्यातही हवी.

रंगांसाठी शक्य तर दोऱ्यांची छटापट्टी सोबत न्या आणि सावलीत बसलेल्या पक्ष्याशी ताडून बघा. उन्हात दयाळाचा काळा निळा वाटतो, ढगाळ हवेत अगदी कोळशासारखा. कुठला उजेड भरायचा ते ठरवून टाका आणि शेवटपर्यंत त्याला धरून राहा.

विणीच्या काळात मोबाइलवर पक्ष्याचं ध्वनिमुद्रण वाजवून त्याला जवळ बोलावू नका. तो दुसरा नर आला समजून भांडायला येतो, आणि गाण्याचा, खाण्याचा, घरटं राखण्याचा वेळ त्यात घालवतो. घरट्याजवळची फांदी बाजूला करून बघू नका, कावळ्यांना वाट मोकळी होते. आपल्याकडचे रानपक्षी पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा नमुन्यासाठी कुणाकडचा पाळलेला पक्षी बघायला जाण्याचा विचारही नको.

कागदावर: तिरप्या रेषेचं गणित

नीडलपॉइंटचा मूळ टाका, ज्याला टेंट स्टिच म्हणतात, जाळीच्या एका छेदावरून तिरपा जातो. डावीकडे खालून उजवीकडे वर, आणि सगळे टाके याच दिशेला. साध्या वाटणाऱ्या या नियमाचा पक्ष्याच्या चित्रावर मोठा परिणाम होतो. डावीकडून उजवीकडे चढणारी तिरपी रेषा भरली की टाके टोकाला टोक लागून एकसंध, धारदार रेषा होते. तीच रेषा उलटी, म्हणजे उजवीकडून डावीकडे चढणारी भरली तर प्रत्येक टाका सुटा उभा राहतो आणि रेषा तुटक, करवतीसारखी दिसते. म्हणजे आरशातली जोडी जाळीवर कधीच खऱ्या अर्थाने सारखी होत नाही. एकीची चोच टोकदार, दुसरीची तुटकी. जुन्या कामांतून उजवीकडचं पाखरू नेहमी जरा बोथट दिसतं त्याचं हेच कारण आहे.

याचा उपयोग आपण करून घ्यायचा. गाणारा नर डाव्या बाजूला बसवा, तोंड उजवीकडे, चोच उजवीकडे वर उचललेली. त्याची चोच एका ओळीच्या टाक्यांतही सुरीसारखी उतरेल. मादी उजवीकडे, थोडी खाली, तोंड डावीकडे पण चोच आडवी किंवा किंचित खाली झुकलेली ठेवा. डावीकडे खाली उतरणारी रेषा तीच चांगली दिशा आहे, त्यामुळे खाली बघणारी मादीची चोचही स्वच्छ येते. पक्ष्याच्या वागण्याशीही हे जुळतं, कारण नर मिरवत असताना मादी बरेचदा खाली किंवा बाजूलाच बघत असते. नराची शेपटी मात्र डावीकडे वर जाईल, म्हणजे वाईट दिशेला. ती पंख्यासारखी पसरलेली ठेवली की रुंदी मिळते आणि कडा तुटकी दिसत नाही. कडेची पांढरी पिसं किमान दोन टाके रुंद ठेवा.

आता मापं. दयाळाच्या जोडीसाठी 8 × 10 इंचांचं चित्र धरा. 14 च्या जाळीवर, म्हणजे इंचाला 14 भोकं, ते 112 × 140 टाक्यांचं होतं, एकूण 15,680 टाके. नर चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे 60 टाके ठेवला तर तो साडेचार इंचांच्या आत बसतो आणि डोळ्यासाठी दोन टाके रुंद, दोन टाके उंच एवढी जागा मिळते. त्याहून लहान केला तर डोळा एका टाक्याचा होईल आणि पक्षी आंधळा दिसेल. शाळेची चौकटीची वही या कामाला पुरते, चार पानं चिकटवून घ्या. आधी काळ्या पेनने बाह्यरेषा काढायची, मग ती ज्या चौकटींतून जाते त्या चौकटी भरायच्या, आणि मग कागद हातभर लांब धरून डोळे बारीक करून बघायचं. ढब ओळखू आली नाही तर रंगांनी ती सुधारणार नाही, बाह्यरेषाच पुन्हा काढा. या टप्प्यावर दोन-तीन कागद वाया गेले तरी काही बिघडत नाही.

जाळी, दोरा, सुई

जाळीचे तीन प्रकार लक्षात ठेवा. एकेरी धाग्याची मोनो, जिथे आडवे-उभे धागे नुसते एकमेकांवरून गेलेले असतात. इंटरलॉक, जिथे ते एकमेकांत गुंतलेले असतात. आणि पेनेलोपी, जिचे धागे जोडीजोडीने असतात. पेनेलोपीचा फायदा असा की जोडधागे सुईने वेगळे करून त्याच जागेत चौपट टाके घालता येतात. जुन्या कामांत चेहरा बारीक आणि बाकीचं अंग जाड टाक्यांचं दिसतं ते यामुळेच. शिंजीर करायचा असेल तर पेनेलोपी शोधा. दयाळासाठी 14 ची मोनो पुरेशी आहे. आपल्या बाजारात मॅटी सहज मिळते, पण ती मऊ असते आणि फुलीच्या टाक्यासाठी बनलेली असते. तिच्यावर टेंट स्टिचने सगळी जमीन भरली तर कापड ओढलं जातं. जाळी ऑनलाइन मागवावी लागली तरी मागवा. चित्राच्या चारही बाजूंना 3 इंच जास्त ठेवून, म्हणजे 14 × 16 इंचांचा तुकडा कापा आणि कडांना कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर कडेचे सुटे धागे दोऱ्यात अडकत राहतात.

दोरा लोकरीचा की सुती? युरोपात लोकर चालते कारण ती फुगते आणि जाळी झाकते. गोव्याच्या हवेत मी सुती सहापदरी दोऱ्याच्या बाजूने आहे. लोकरीला कसर लागते, पावसाळ्यात ती ओल धरते आणि कपाटातल्या कोंदट वासातून सुटत नाही. सुती दोऱ्याला बुरशी येऊ शकते, पण किडा सहसा लागत नाही, आणि म्हापसा, मडगाव, पणजीच्या बाजारात अँकरच्या 8 मीटरच्या लड्या हव्या त्या छटेत मिळतात. 14 च्या जाळीवर सहाही पदर वापरा, 18 च्या जाळीवर चार. पदर आधी एकेक सुटे करून पुन्हा एकत्र करायचे. सरळ लडीतून ओवलेला दोरा पिळलेला राहतो आणि मधूनमधून जाळी उघडी दिसते. एका वेळी 45 सेंटिमीटरपेक्षा लांब दोरा घेऊ नका, भोकांतून घासून तो पिंजतो.

सुई बोथट टोकाची, 14 च्या जाळीला 20 किंवा 22 नंबरची. दोरा किती लागेल याचा अंदाज ऐकीव आकड्यांवरून बांधण्यापेक्षा एक इंचाचा चौकोन भरून बघा, किती सेंटिमीटर गेला ते मोजा आणि नमुन्यातल्या त्या रंगाच्या क्षेत्रफळाने गुणा. पार्श्वभूमीचा रंग एकदमच घ्या. वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लड्यांत फरक पडतो आणि मोठ्या सपाट जागेत तो पट्ट्यासारखा दिसतो.

दयाळासाठी रंग: काळा, गडद नेव्ही निळा, एक मधला निळा, दोन राखाडी, एक फिकट राखाडी, आणि दोन पांढरे, त्यांतला एक हस्तिदंती. नर नुसत्या काळ्याने भरू नका. जाळीवरचा निव्वळ काळा भोकासारखा दिसतो. खांद्यावर, डोक्याच्या वरच्या कडेला आणि छातीच्या गोलाईवर नेव्ही, आणि त्यात अगदी मोजके टाके मधल्या निळ्याचे, एवढ्याने अंगाला चकाकी येते.

टाके

टेंट स्टिच तीन पद्धतींनी घालता येतो. समोरून तिन्ही सारखे दिसतात, फरक मागून. हाफ क्रॉसला दोरा कमी लागतो, पण साध्या मोनो जाळीवर तो धाग्यांमध्ये घसरून हरवतो. कॉन्टिनेन्टल आडव्या ओळीत जातो, मागे लांब तिरपा टाका पडतो आणि सगळी जाळी एका बाजूला खेचली जाऊन चित्र तिरकं होतं. तिसरी पद्धत बास्केटवीव्ह. तिच्या ओळी तिरप्या असतात, मागे टोपलीची वीण तयार होते आणि ताण दोन्ही बाजूंना वाटला जातो. एका-दोन टाक्यांच्या रेषा कॉन्टिनेन्टलने करा, बाकी सगळीकडे बास्केटवीव्हच.

सुरुवात भरायच्या भागाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. चढत्या ओळीत टाका घातला की सुई मागून आडवी, उजवीकडून डावीकडे, दोन उभ्या धाग्यांखालून न्यायची. उतरत्या ओळीत सुई सरळ खाली, दोन आडव्या धाग्यांखालून. मोनो जाळी नीट बघितली तर एका छेदावर उभा धागा वर असतो, शेजारच्यावर आडवा. उभा धागा वर असलेल्या छेदांवर उतरती ओळ घाला, आडवा वर असलेल्यांवर चढती. हे पाळलं की टाके एकसारखे बसतात, आणि काम मध्येच सोडून चार दिवसांनी हातात घेतलं तरी पुढची ओळ कुठली ते जाळीच सांगते. एकाच दिशेच्या दोन ओळी लागोपाठ पडल्या तर समोरून त्या जागी बारीक कड दिसते, आणि ती धुऊन, ताणून जात नाही.

भरण्याचा क्रम माझ्या मते असा असावा. पहिला नराचा डोळा आणि चोच. ती बरोबर उतरली तर बाकी पक्षी तुमच्या मागे येतो, चुकली तर तेवढंच उसवायचं. मग नराचं डोकं, छाती, पंख. मग मादी. मग ज्यावर ती बसली आहेत ती वस्तू. पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी.

काळा आणि पांढरा जिथे भिडतात तिथे, म्हणजे दयाळाच्या पोटाच्या रेषेवर, एक नियम कटाक्षाने पाळा: सुई रिकाम्या भोकातून वर काढा आणि आधी भरलेल्या भोकात खाली घाला. उलट केलं तर पांढरा दोरा काळ्याचे तंतू ओढून वर आणतो आणि पोट मळकट दिसतं. डोळ्यातला चमकीचा पांढरा ठिपका शेवटी, एका पदराने, टाक्याच्या वरून.

आता सुभगाच्या फुललेल्या पिसांचा टाका. त्याला टर्की वर्क म्हणतात. तेवढी जागा टेंट स्टिचने भरू नका, रिकामी ठेवा. बाकी सगळं भरून झाल्यावर खालच्या ओळीपासून वर जात एक टाका घट्ट, पुढचा सैल फास असा क्रम धरायचा. प्रत्येक फास घट्ट टाक्यांमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे सुटत नाही. ओळी झाल्या की फास कात्रीने कापा, सुईच्या टोकाने पदर विंचरा, आणि गोल आकार येईपर्यंत थोडं थोडं छाटा. एकदम खोल कापू नका. पांढऱ्यात एखादी ओळ अगदी फिकट राखाडीची घातली तर गोळ्याला खोली येते. शिंजिराच्या झुपक्यांसाठीही हाच टाका, फक्त दोन पदरांनी आणि चार-पाच फासांपुरता.

सुगरणीच्या अर्ध्या घरट्याला सपाट टेंट स्टिच शोभत नाही. तिथे उभे लांब टाके घाला, ज्यांना गोबेलिन म्हणतात: दोन, तीन, चार धाग्यांवरून, मुद्दाम कमीजास्त लांबीचे, वरच्या ओळीत खालची थोडी शिरलेली. ताजं गवत हिरवं असतं आणि वाळलं की पिवळट तपकिरी होतं, म्हणून घरट्याचा वरचा भाग वाळक्या रंगात आणि खालची ताजी कड हिरवी ठेवा. नर कुठपर्यंत आला आहे ते त्यातून लगेच कळतं.

पक्ष्यांचे पाय टेंट स्टिचने जाड दिसतात. पार्श्वभूमी झाल्यावर वरून दोन पदरांचा एकेक लांब सरळ टाका घाला.

पार्श्वभूमी एका फिकट रंगाची ठेवावी. जुन्या कामांत ती काळी असायची आणि पोपटाला ती शोभते, पण दयाळ तिच्यात बुडतो. वेगळं काही करायचं असेल तर मागे शिंपल्यांचं जनेल घ्या: लाकडी पट्ट्यांचे चौकोन आणि आत दुधी, किंचित पिवळे-गुलाबी शिंपले. चौकोनी जाळीवर ते सहज बसतं.

ताणणं आणि मढवणं

बास्केटवीव्हने भरलं तरी काम थोडं तिरकं होतंच. मऊ लाकडी फळीवर पांढरा कागद लावून त्यावर चित्राचा अचूक आयत काढा. भरतकामातल्या प्रत्येक रंगावर ओला पांढरा कापूस दाबून रंग सुटत नाही ना ते बघा. मग काम मागून पाण्याने नुसतं दमट करा, आयतावर ताणून रिकाम्या जाळीत अर्ध्या-अर्ध्या इंचावर स्टेनलेस स्टीलच्या टाचण्या मारा. साध्या लोखंडी टाचण्यांचे गंजाचे डाग निघत नाहीत. पूर्ण वाळल्याशिवाय काढायचं नाही. उन्हाळ्यात दोन दिवस पुरतात. जुलैमध्ये हे काम हाती घेऊच नका, आणि घेतलंच तर पंख्याखाली ठेवून आठवडाभर वाट बघा.

चौकट करून घेताना दुकानदाराला तीन गोष्टी आग्रहाने सांगा. काच भरतकामाला टेकता कामा नये, मध्ये पट्टी हवी. मागे प्लायवुड नको, आम्लमुक्त माउंट बोर्ड हवा. आणि काम बोर्डावर गोंदाने चिकटवायचं नाही, मागून दोऱ्याने आडवं-उभं शिवून ताणायचं. टर्की वर्क केलं असेल तर पट्टी जास्त जाड लागेल.

आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल सोडतात. चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि चौकट यांच्यामधून हवा खेळेल. पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत आणि थेट ऊन येणारी जागा दोन्ही टाळा. ऑक्टोबरमध्ये उघडीप झाली की काढून मागची बाजू बघून घ्या.

घरातलं जुनं काम हाती आलं तर

नवं भरण्याआधी किंवा भरता भरता आजीच्या, पणजीच्या हातचं काम पेटीतून निघू शकतं. ते धुवायला घेऊ नका. आधी चौकटीतून बाहेर काढून मागची बाजू बघा. उजेड न लागल्याने तिथे मूळ रंग टिकलेले असतात, आणि समोरचा पिवळसर तपकिरी पक्षी मागून चक्क हिरवा निघतो. तुटलेले टाके भरायचे असतील तर समोरच्या आजच्या रंगाशी जुळणारा दोरा घ्या, मागच्या मूळ रंगाचा नाही. नाहीतर दुरुस्तीच आधी डोळ्यात भरते. जुन्या लोकरीतला काळा आणि गडद तपकिरी भाग हाताला भुसभुशीत लागेल. लोहयुक्त रंगाने तो तंतू आतून खाल्लेला असतो. तिथे ओढूनताणून टाके घालू नका, मागून सुती कापडाचा आधार शिवा.

लोकरीला कसर लागलेली दिसली तर काम टिश्यू कागदात गुंडाळून हवाबंद पिशवीत घाला आणि उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान एक दिवस, बंदच राहू द्या, म्हणजे दमटपणा पिशवीच्या बाहेर जमेल, लोकरीवर नाही. मग मऊ जाळीचं कापड वर धरून, व्हॅक्यूम क्लीनर सगळ्यात कमी ओढीवर ठेवून धूळ आणि अंडी काढून घ्या, आधी मागून, मग समोरून.